जुनं, जुन्यासारखं आणि जुनं म्हणून विकलेलं

नवी दिल्ली स्टेशनाच्या पहाडगंजकडच्या दारातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे मेन बाजार सुरू होतो. दिल्लीला कामानिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला हा भाग नवा नाही. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा याच पहाडगंजात आहेत. बाजारातल्या दुकानांत मुरादाबादी पितळेच्या मूर्ती, तिबेटी धाटणीचे घुमणारे वाडगे, ड्रॅगनच्या मुठींची धूपपात्रं एकावर एक रचलेली असतात. त्या गर्दीत एखादं हिरवट भांडं नजरेत भरतं. तीन पाय, काठावर दोन उभे कान, पोटावर डोळे वटारलेला कसलासा चेहरा आणि तळाशी चिनी अक्षरं. दुकानदार सांगतो, "अँटिक पीस है, चायनीज." घ्यावं की नाही ते ठरत नाही आणि एकच प्रश्न मनात घोळत राहतो : हे खरंच जुनं आहे का?

प्रश्न रास्त आहे, पण तो विचारताना आपण मनात दोनच कप्पे केलेले असतात, अस्सल आणि नकली. चिनी ब्राँझच्या भांड्यांना हे दोन कप्पे पुरत नाहीत. मधे तिसरा कप्पा आहे : जुन्या घाटाची, पण उघडपणे, आदराने नव्याने घडवलेली भांडी. ही रीतच नऊशे वर्षांची आहे. म्हणजे 'जुन्यासारखं' केलेलं भांडंसुद्धा आज चांगलंच जुनं असू शकतं. हा कप्पा समजला की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

१. पितरांच्या पंगतीची भांडी

आधी मूळ भांडी पाहू. चीनमध्ये इ. स. पूर्व सुमारे 1600 ते 1046 शांग घराण्याची सत्ता होती. त्यानंतर झोऊ घराणं आलं. या काळात राजे आणि सरदार आपल्या पितरांना अन्न आणि धान्याचं मद्य अर्पण करत, आणि त्यासाठी ब्राँझची खास भांडी ओतून घेत. पितृपक्षात आपण पान वाढतो, त्याच भावनेची ही गोष्ट, फक्त राजेशाही प्रमाणावरची. मांस शिजवायला आणि वाढायला तीन पायांचं 'डिंग', धान्यासाठी 'ग्वेइ', मद्यासाठी कर्ण्यासारख्या तोंडाचे उंच पेले. पहाडगंजातल्या त्या भांड्याचा घाट या डिंगचाच आहे.

ही भांडी म्हणजे सत्तेची खूण होती. झोऊंच्या परंपरेत राजाला नऊ डिंग, मोठ्या सरदाराला सात, त्याखालच्यांना आणखी कमी असा दंडक सांगितलेला आहे. इ. स. पूर्व 606 मध्ये छू राज्याच्या राजाने झोऊंच्या नऊ डिंगांचं वजन किती, अशी चौकशी केली. वरवर साधी वाटणारी ती चौकशी ऐकणाऱ्यांना बरोबर कळली : याला गादी हवी आहे. चिनी भाषेत 'डिंगचं वजन विचारणं' म्हणजे सत्तेवर डोळा ठेवणं, हा वाक्प्रचार तेव्हापासूनचा. आपणही एखाद्याचं दरबारात 'वजन' आहे असं म्हणतोच.

खरोखरचं वजनही छाती दडपणारं असे. 1939 मध्ये आन्यांगजवळ सापडलेलं एक चौकोनी डिंग 832 किलो भरतं. त्याच परिसरात 1976 मध्ये फू हाओ या राणीची न लुटलेली कबर उघडली गेली. ही राणी सैन्याचं नेतृत्वही करत असे. तिच्यासोबत साडेचारशेहून अधिक ब्राँझच्या वस्तू पुरलेल्या होत्या.

पोटावरच्या त्या वटारलेल्या चेहऱ्याला पुढच्या काळात 'थाओथिए' हे नाव मिळालं. दोन मोठे डोळे, शिंगं, वरचा जबडा. खालचा जबडा बहुधा नसतोच. देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख पाहिलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल, पण दोघांचं नातं असल्याचा पुरावा नाही. शांग लोकांच्या लेखी त्या चेहऱ्याचा अर्थ काय होता, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

२. मोदकाचा साचा

पुढचं सगळं समजायला ओतकाम समजून घ्यावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकून घडवतात. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके पडतात आणि मठारकाम उठतं. शांग भांडी अशी ठोकलेली नाहीत, ती ओतारी पद्धतीची आहेत. धातू वितळवून साच्यात ओतायचा.

खव्याच्या मोदकाचा साचा आठवा. दोन पाकळ्या मिटायच्या, आत खवा दाबायचा, पाकळ्या उघडायच्या. मोदकावर पाकळ्यांच्या सांध्याची बारीक रेघ उमटते. शांग ओतारी याच तत्त्वाने काम करत. मातीचा नमुना करायचा, त्यावर ओली माती लिंपायची, ती जरा वाळली की कापून तुकड्यांत सोडवायची. मग नमुना भांड्याच्या जाडीइतका तासून आतला गाभा करायचा. तुकडे गाभ्याभोवती पुन्हा जुळवायचे, मधे ब्राँझच्या बारीक चकत्या ठेवायच्या म्हणजे अंतर सारखं राहतं, आणि फटीत रस ओतायचा.

इथेही सांध्याची रेघ येणारच. ती लपवत बसण्याऐवजी शांग ओताऱ्यांनी तिचाच दागिना केला. सांध्यावर उभे, खाचांचे पाखे उभारले आणि चेहऱ्याची नक्षी त्यांच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी मांडली. साच्याची अडचण आणि भांड्याचं रूप यांचा इतका सुंदर मेळ मला दुसऱ्या कुठल्या धातुकामात दिसलेला नाही.

आपल्याकडची जुनी रीत वेगळी. मेणाचा नमुना, वर मातीचा लेप, भट्टीत मेण वितळून बाहेर आणि त्या पोकळीत धातू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मूर्ती ओतण्याची ही कृती आली आहे. मेणाला सांधे लागत नाहीत, त्यामुळे वस्तूवर रेघही येत नाही. पुढे चीनमध्येही मेणाची रीत रुळली आणि उत्तरकाळातली जुन्या घाटाची कितीतरी भांडी तशीच ओतली गेली. तरी त्यांच्यावर ते उभे पाखे आहेतच! शिवलेल्या नऊवारीचं उदाहरण घ्या. निऱ्या आणि काष्टा दिसायला तेच, पण कंबरेला शिलाई आणि हूक. निऱ्या आता पातळ सावरून धरत नाहीत, नऊवारीची आठवण सावरतात. उत्तरकाळातल्या भांड्यावरचे पाखे तसेच आहेत.

३. चित्रातला हत्ती आणि जमिनीतला हत्ती

हजारभर वर्षं लोटली. जुनी भांडी जमिनीत गेली, विधी मात्र ग्रंथांत राहिले. सुंग घराण्याच्या आरंभी, दहाव्या शतकात, न्ये छोंगयी या विद्वानाने त्या ग्रंथांतल्या पात्रांची चित्रं काढून एक पुस्तक सिद्ध केलं आणि राजदरबारची पूजापात्रं त्याबरहुकूम होऊ लागली. अडचण अशी, की चित्रकारासमोर फक्त शब्द होते. ग्रंथात 'हत्तीचं पात्र' असं लिहिलेलं. चित्रात साधा घडा आणि त्याच्या पोटावर रंगवलेला हत्ती. पुढे जमिनीतून प्रत्यक्ष पात्रं निघू लागली, तेव्हा दिसलं की प्राण्याचं पात्र म्हणजे अख्खं पात्रच त्या प्राण्याच्या आकाराचं असे.

राजाच्या हातून पितरांना अर्पण होत होतं, आणि तेही चुकीच्या भांड्यांतून. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण विधी चुकला तर राज्याचा तोलच जातो असं मानणाऱ्या दरबारात केवढी खळबळ उडाली असेल!

त्यातून एक मोठं काम उभं राहिलं. 1092 मध्ये ल्यू तालिन याने दोनशेहून अधिक जुन्या वस्तूंची सचित्र सूची केली. प्रत्येक वस्तूचं चित्र, माप, वजन, त्यावरचा लेख आणि जिथे माहीत असेल तिथे सापडल्याची जागा. ग्रंथाचं नाव 'काओगू थू', अर्थात 'प्राचीनाच्या शोधाची चित्रं'. आजच्या चिनी भाषेत पुरातत्त्वाला 'काओगू' म्हणतात. ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी पावणेदोनशे वर्षं हे काम झालेलं आहे, हे लक्षात घ्यावं.

मग गादीवर सम्राट हुइझुंग आला. साल 1100. स्वतः उत्तम चित्रकार, अक्षर घडीव, आणि जुन्या वस्तूंचा ध्यास. 1104 मध्ये यिंगथ्येन इथे सहा प्राचीन घंटा सापडल्या. सुंग घराण्याचं नाव जिथून आलं तोच हा प्रदेश, म्हणून दरबाराला तो शुभशकुन वाटला. त्या घंटांच्या नमुन्यावर पुढच्याच वर्षी 'ताशंग' नावाच्या नव्या घंटांचा मोठा संच ओतला गेला. मागोमाग जुन्या घाटाची पूजापात्रं आली. त्यातलं 1116 मधलं एक डिंग तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यावरच्या लेखात ते कधी आणि कुणासाठी केलं हे नोंदलेलं आहे, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ओतणाऱ्याने शांग घाट घेतला, पण आपला काळ लपवला नाही.

हुइझुंगच्या दरबारात सिद्ध झालेल्या दुसऱ्या एका सूचीत आठशेहून अधिक भांडी आहेत. 1127 मध्ये उत्तरेच्या जुर्चेन सैन्याने राजधानी काइफंग घेतली. सम्राट कैद झाला, परत आलाच नाही. संग्रह लुटला गेला. ताशंग घंटाही जुर्चेनांच्या हाती पडल्या. 'शंग' हा उच्चार त्यांच्या राजाच्या नावात होता, म्हणून काही घंटांवरचं नाव खोडून दुसरं कोरलं आणि त्या वापरात ठेवल्या. दक्षिणेत पळालेल्या सुंग दरबाराकडे पूजापात्रं उरली नाहीत. तिथे त्याच घाटांची पात्रं मातीत घडवून त्यांवर हिरवट निळी झिलई चढवण्यात आली. भांडी गेली, पण चित्रं राहिली.

४. त्र्यंबकेश्वर नकली आहे का?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण चिनी भांड्यापेक्षा देऊळ आपल्या जवळचं. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराचं आजचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये बांधायला घेतलं. काळा दगड, तारकेसारखा मोडत जाणारा तळ, शिखरावर लहान शिखरांच्या ओळी. ही यादवकाळातली आणि त्याआधीची भाषा. अठराव्या शतकातल्या मराठी मुलखात गोलाकार घुमट आणि चुन्याची शिखरं सर्रास बांधली जात होती. तसं देऊळ सहज करता आलं असतं, पण इथे कारागिरांना जुनं रूप हवं होतं आणि ते त्यांनी समजून उमजून उभं केलं.

त्याला कुणी नकली म्हणत नाही. ते 1755 नंतरचं आहे आणि त्या काळाने आपल्या भूतकाळाकडे कसं पाहिलं याचा पुरावा आहे. हुइझुंगचं डिंग या जातीचं. उद्या कुणी त्र्यंबकेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं म्हणून दाखवलं, तर खोटं बोलणारा तो. देवळाचा त्यात काही दोष नाही.

५. देवघरातून बैठकीत

मिंग (1368 ते 1644) आणि छिंग (1644 ते 1911) या काळांत ही भांडी दरबाराबाहेर पडली. छापील सूच्या सुशिक्षित घरांत पोचल्या होत्या. लिहिण्याच्या चौरंगावर डिंगच्या घाटाचं धूपपात्र, शेजारी शांग पेल्याच्या घाटाची फुलदाणी हे रसिकाच्या बैठकीचं लक्षण झालं. पूजेच्या ओट्यावरही हेच घाट आले : मधे धूपपात्र, दोन मेणबत्त्यांच्या बैठका, दोन फुलदाण्या. मद्याचा पेला फुलदाणी झाला आणि मांसाचं पात्र उदबत्तीचं.

मिंग सम्राट श्वेंदे याच्या कारकिर्दीतली (1426 ते 1435) धूपपात्रं तर दंतकथा होऊन बसली. त्यांची शिक्क्याची अक्षरं पुढची चारशे वर्षं नव्या भांड्यांवर ओतली गेली, काही आदरापोटी, काही पैशासाठी. छिंग सम्राट छ्येनलुंग याने 1749 मध्ये स्वतःच्या संग्रहाची सूची करायला सांगितलं. तिच्यात दीड हजारांहून अधिक वस्तू आल्या आणि त्यातल्या बऱ्याच उत्तरकाळातल्या निघाल्या.

अनुकरणाबरोबर फसवणूक वाढली. 1591 च्या एका ग्रंथात काओ ल्येन याने नव्या ब्राँझवर जुनेपणा कसा चढवतात हे लिहून ठेवलं आहे. क्षारांचे लेप, ताप देणं, खड्ड्यात पुरून ठेवणं. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकालाही पहाडगंजातल्या गिऱ्हाइकाचाच प्रश्न पडलेला होता.

६. एक भांडं तपासून पाहू

समजा, वीतभर उंचीचं डिंग समोर आहे. अंगभर हिरवं, तळाशी सहा अक्षरं, आणि किंमत शांग काळाची.

पहिली पायरी धातूची. काशाची वाटी आणि पितळी डबा यांतला फरक घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतो. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. शांग ब्राँझमध्ये तांबं, कथील आणि बहुधा शिसं. जस्त वेगळं काढणं कठीण, कारण भट्टीत ते वाफ होऊन उडून जातं. राजस्थानातल्या झावरला आपल्या लोकांनी ती वाफ पकडायची युक्ती साधली. चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर जस्त मिंग काळात आलं. आता हिशोब करू. प्रयोगशाळेने सांगितलं, की 100 ग्रॅम धातूत तांबं 72, जस्त 20, शिसं 5, कथील 3. निकाल लागला : हे पितळ आहे, शांग असूच शकत नाही. उलट आकडे 82 तांबं, 12 कथील, 6 शिसं असे आले तर? तर काहीच सिद्ध झालं नाही, कारण हे मिश्रण आजही कुणी मुशीत करू शकतो. ही कसोटी नापास करू शकते, पास करू शकत नाही.

दुसरी पायरी हिरव्या थराची. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हिरवं होतं. जमिनीत हीच क्रिया शतकानुशतकं, अगदी सावकाश चालते. आधी तांबूस थर, त्यावर हिरवा, कुठे निळा, आणि ते धातूतच रुजलेले असतात. घाईने आणलेला हिरवा रंग बहुधा एकसारखा पसरतो, खाचांत डिंकासारखा साचतो, आणि पायांच्या टोकांवर जिथे झीज हवी तिथेही तसाच दाट असतो. एक विनंती : खात्री करायला चिंच किंवा पितांबरी लावू नका. भांडं अस्सल असेल तर त्याचा सगळा इतिहास मोरीत वाहून जाईल.

तिसरी पायरी नक्षीची, आणि डोळ्याला सर्वांत जास्त शिकवणारी. उत्तरकाळातल्या कारागिराने बहुतेक वेळा मूळ भांडं पाहिलेलं नसे. त्याच्यापुढे छापील चित्र असे. चित्रात मागची बाजू नसते, जाडी नसते, खोली नसते. पैठणीचा मोर छापील साडीवर आला की रंग राहतो, विणीचा उठाव जातो; तसंच इथे. शांग चेहऱ्याच्या रेषा धारदार असतात, त्यांच्या खाचांना उभ्या कडा असतात. अनुकरणात डोळे फुगीर आणि गोंडस होतात, शिंगांचे वेल बनतात, पाय जास्त डौलदार होतात. मेणात काम केल्याचा मऊपणाही दिसतो.

चौथी पायरी अक्षरांची. सहा अक्षरं 'मिंग, श्वेंदे' असं सांगत असतील, तर विकणाऱ्याचा शांगचा दावा तिथेच संपला. आणि श्वेंदे हे नावही पुढच्यांनी इतकं वापरलं आहे, की ते काळ ठरवत नाही. मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर तज्ज्ञ आतल्या गाभ्याची उरलेली माती काढून ती शेवटची कधी तापली होती हे मोजतात. मातीत साठत गेलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडते, तिच्यावरून हा अंदाज निघतो.

चारही पायऱ्यांनंतर उत्तर 'अठराव्या शतकातलं, छिंग, जुन्या घाटाचं' असं आलं तर पुष्कळ लोक हिरमुसतात. मला ते पटत नाही. चांगल्या ओताऱ्याचं छिंग धूपपात्र स्वतःच्या बळावर उभं राहणारी वस्तू आहे.

७. पुन्हा मेन बाजार

आपला 1972 चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1976 पासून अंमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. जुन्यासारखी दिसणारी नवी वस्तू परदेशी न्यायची असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. परदेशातल्या मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांनी हे आधीच पाहून ठेवावं; विमानतळावर दुकानदार सोबत नसतो.

नजर तयार करायची असेल तर पहाडगंजापासून थोड्याच अंतरावर, जनपथावर, राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी बघा. मेणाच्या रीतीने ओतलेल्या धातूला साडेचार हजार वर्षांनी कसा पोत येतो ते तिच्या अंगावर दिसतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी आणि जपानी कलावस्तू आहेत. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याच्या संग्रहालयातही त्या देशांचं दालन आहे. तास-दोन तास अस्सल वस्तूंसमोर घालवले की बाजारातला हिरवा रंग वेगळा दिसू लागतो.

आणि तरीही ते तीन पायांचं भांडं आवडलं, तर जरूर घ्या. किंमत मात्र पितळेची आणि कारागिरीची द्या, शांग राजाची देऊ नका, आणि पावतीवर 'नवी हस्तकला वस्तू' असं लिहून घ्यायला विसरू नका.